जेवढे पाण्यात, तेवढे काठावर

हे लिहायची मला अजिबात हौस नाही. चौथीनंतर मी शाळेची पायरी चढलो नाही, आणि आमच्या सुनीताने मला वही देऊन जेवणाच्या टेबलाशी बसवलंय. ती माझी मुलगी. म्हणते, "बाबा, तुम्ही किस्से सांगता तेव्हा सगळे हसतात. एकदा लिहून काढा. नवीन येणाऱ्यांना उपयोग होईल." नवीन येणारे वाचत नाहीत. नवीन येणारे फोटो काढतात.

पण असल्या गोष्टी साचतात हे खरं. होडीच्या तळाशी पाणी साचतं तशा. उपसल्या नाहीत तर होडी जड होते.

मी आधी मालवाहू जहाजावर खलाशी होतो. मग मिशिगनच्या उत्तर टोकाला, लेक सुपिरियरच्या काठावर, कयाक भाड्याने देणाऱ्या दुकानात वीस वर्षं काढली. कयाक म्हणजे लांब, चिंचोळी होडी. माणूस तिच्यात कमरेपर्यंत शिरून बसतो. आता डेट्रॉइटजवळ नोव्हाय गावात सुनीताकडे राहतो. इथली आपली मंडळी दर उन्हाळ्यात मला पुढे घालून त्याच तळ्यावर जातात. तळं नुसतं म्हणायला. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा समुद्रासारख्या, आणि जूनमध्ये पाय घातला तर हाडं दुखतात.

माझं काम एकच. जेवढे पाण्यात गेले तेवढे काठावर परत आणायचे. आजवर एकही कमी झालेला नाही. सुनीताने सांगून ठेवलंय, ज्या दिवशी एक कमी होईल त्या दिवशी तुमचं कयाक बंद. मी म्हटलं, त्या दिवशी मीच बंद.

*

सुरुवातीला मी लोकांना विचारायचो, "पोहता येतं का?" सगळे म्हणायचे, "हो काका." आपल्या माणसाला नाही म्हणायला जड जातं.

निखिल म्हणून नागपूरचा इंजिनियर आहे, गाड्यांच्या कंपनीत. त्याला विचारलं, "कुठे पोहतोस?"

"अपार्टमेंटच्या पूलमध्ये, काका."

"पाणी कुठवर येतं?"

"छातीपर्यंत."

"म्हणजे तू चालतोस."

तेव्हापासून विचारणं बंद. होडीत बसायच्या आधी प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालून काठाशीच गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहायचं. गार पाणी लागलं की तोंड आपोआप उघडतं आणि श्वास आत ओढला जातो. त्या वेळी डोकं पाण्याखाली असेल तर संपलं. म्हणून पहिलं मिनिट काही करायचं नाही, जॅकेट धरून श्वास सांभाळायचा. त्यानंतर दहाएक मिनिटं हात ऐकतात. मग हात तुमचे राहत नाहीत.

निखिल बाहेर आला तेव्हा ओठ निळे होते. म्हणाला, "काका, रिव्ह्यूमध्ये रिफ्रेशिंग लिहिलं होतं."

*

ॲन आर्बरला शिकणारी अनघा पहिल्यांदा आली, त्या दिवशी कडक ऊन. वेटसूट म्हणजे अंगाला चिकटणारा रबरी कपडा. तो हातात धरून ती माझ्यासमोर उभी.

"काका, खूप उकडेल हो यात. हवा ऐंशी फॅरनहाइट आहे."

"तू हवेत पडणार आहेस का?"

घातला मुकाट्याने.

*

स्मिताबाईंचं निराळंच. बाई हुशार आहेत, बँकेत मोठ्या हुद्द्यावर होत्या. कयाकमध्ये बसल्या की पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती रबरी झाकण लावतात. मी ते तपासायला गेलो, तर आत दोन गुडघ्यांच्या मध्ये स्टीलचा डबा. थालीपिठांचा.

"बाई, होडी उलटली तर पाय अडकतील. तो मागच्या कप्प्यात ठेवा."

"मागे रबराचा वास लागतो."

म्हटलं ठीक आहे, इथे कमरेएवढ्या पाण्यात उलटून दाखवा. शिकवायचं तर होतंच. होडी उलटली की झाकण ओढायचं, बाहेर यायचं आणि होडी सोडायची नाही. पाण्यात होडी दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही.

बाई उलटल्या. मी तीन मोजायच्या आत वर आल्या. अशी सफाई मी दुकानातल्या पोरांत पाहिली नव्हती. फक्त होडी दहा हात लांब गेली होती आणि हातात डबा होता.

"अहो, होडी धरायची असते!"

"होडी दुकानाची आहे," बाई म्हणाल्या. "डबा माझ्या सासूबाईंचा आहे."

तेव्हापासून डबा माझ्या होडीत, मागच्या कप्प्यात. थालीपिठांना रबराचा वास लागतो. बाई दरवर्षी तसं बोलून दाखवतात.

*

पुढच्या वर्षी निखिलने धोक्यांची यादी केली. त्यांच्या कंपनीत गाडीचा कुठला भाग कसा बिघडेल याला मार्क देतात म्हणे, तसे इथेही. थंडीला नऊ, उलटण्याला सात. काठावर लॅपटॉप उघडून बसला.

"काका, वाऱ्याला किती देऊ? ॲपमध्ये तर माइल्ड दाखवतंय. तीन देतो."

"मान वर कर आणि पाण्याकडे बघ."

"बघतो, एक सेकंद, हा कॉलम अडकलाय."

तेवढ्यात त्याची टोपी उडाली. पाण्यात पडली आणि काठाकडे यायचं सोडून आत निघाली. वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत होता. नवख्यांना हाच वारा मारतो. काठाशी पाणी आरशासारखं दिसतं, जाताना वल्हं मारावं लागत नाही, आणि परत वळलात की तोंडावर भिंत. आम्ही सगळे टोपीकडे बघत उभे. दहा मिनिटांत ठिपका झाली.

"आज कॅन्सल," मी म्हटलं.

निखिलने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "टोपीची रिस्क धरलीच नव्हती, यार."

*

अनघाचा आणखी एक सांगतो, कारण त्या दिवशी माझं पाणी झालं होतं.

सात जण निघालो होतो. मी दर थोड्या वेळाने डोकी मोजतो. स्मिताबाई लोणच्याबद्दल काहीतरी सांगत होत्या, ते ऐकता ऐकता मोजलं तर सहा. पुन्हा मोजलं. सहाच. मागे वळून पाहिलं तर लांबवर एक होडी पोट वर करून तरंगत होती, आणि तिला धरून अनघा. ओरडणं नाही, काही नाही. प्रत्येकाच्या जॅकेटला मी शिट्टी बांधतो. तिचीही होती, हनुवटीखाली लोंबत.

मी गेलो. तिची होडी माझ्या होडीवर आडवी ओढून पाणी काढलं, सरळ केली, तिला वर घेतलं. तिची बोटं वळेनात. झाकण मीच लावलं.

"शिट्टी का नाही वाजवलीस?"

दात वाजत होते तिचे. "तुम्ही काकूंशी बोलत होतात ना. मध्ये कसं..."

घरी शिकवलेलं असतं, मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये. त्या शिकवणीपायी पोरगी गेली असती. मी सगळ्यांना थांबवून सांगितलं, "पाण्यात मी कुणाचा काका नाही. नावाने हाक मारा, शिव्या द्या, पण वाजवा."

काठाला धरून परत निघालो. अर्ध्या वाटेत मागून शिट्टी. असा वळलो की मीच उलटायचा राहिलो.

अनघा म्हणाली, "काही नाही काका, सवय करत होते."

*

आता जावई.

आमच्याकडे जावयाला अहो-जाहो करतात आणि त्याच्यावर आवाज चढवत नाहीत. मी त्यांच्याच घरात राहतो, हेही आहेच. गेल्या वर्षी ते पहिल्यांदा आमच्याबरोबर आले. समोरच्या बेटावर जायचं ठरलं होतं. सकाळी पाहतो तर वारा जमिनीकडून. मी म्हटलं, आज कुणी जायचं नाही.

"नऊ तास ड्राइव्ह करून आलोय, बाबा," जावई म्हणाले.

"वाऱ्याला ते माहीत नाही."

मग सगळ्यांसमोर, हसत हसत म्हणाले, "बाबांना आता भीती वाटते. वयाने होतं तसं. त्यात काही वाईट नाही."

कुणी हसलं नाही. होड्या वर ओढल्या, शेगडी पेटवली, चहा ठेवला. पेले भरताना सुनीता म्हणाली, "बाबा, एक होडी कमी आहे."

टेकडीच्या आडोशाबाहेर, हाकेच्या अंतरावर, होडी उलटी आणि जावई पाण्यात. अनघाला म्हटलं, बचाव पथकाला फोन लाव, आत्ता. निखिल वल्हं घेऊन उठला, "मी पण येतो." त्याला खाली बसवलं. म्हटलं, मला एकच आणायचाय, दोन नाही. आणखी थोडे लांब असते तर मीही गेलो नसतो. हे सुनीताला मी आजवर सांगितलेलं नाही. आता वाचेल.

पोचलो तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. पाय वर टाकायची ताकद नव्हती. जॅकेटच्या खांद्यांना धरून, भरलेलं जाळं ओढतात तसे त्यांच्याच सरळ केलेल्या होडीत ओढले, ती दोरीने माझ्या होडीला बांधली आणि वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवत निघालो. जाताना पाच मिनिटं लागली होती. येताना किती लागली ते काठावरच्यांना विचारा. सुनीता गुडघाभर पाण्यात उभी होती. तिच्या तोंडाकडे मी पाहिलं नाही.

ओले कपडे काढले, दोन स्लीपिंग बॅगांत गुंडाळले. स्मिताबाईंनी चमच्या-चमच्याने गोड चहा पाजला. बऱ्याच वेळाने जावयांना वाचा फुटली.

"तुमचा रिस्पॉन्स टाइम चेक करत होतो, बाबा."

संध्याकाळी त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. मी पुढे वल्हवतोय, मागे दोरीला ते. खाली लिहिलं होतं, "सासऱ्यांसोबत रेस्क्यू ड्रिल. परफेक्ट प्लॅनिंग." पुष्कळ अंगठे आले. जे काठावर होते त्यांचा एकही नाही.

त्यानंतर त्यांनी माझ्यासाठी भारीतलं जॅकेट आणलं. गुडघ्याला तेल आणलं. संक्रांतीला वाकून नमस्कार केला, तिळगूळ दिला. ‘बाबा, चुकलो’ हे एक वाक्य तेवढं अजून आलेलं नाही.

सुनीताने आत्ता इथवर वाचलं. वही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "बाबा, जावई एवढंच राहू द्या. नाव नका लिहू."

मला एकच जावई आहे. पराग.