चोरलेली पारख

बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम मी लिहिला, असं मी बाहेरच्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो. त्यातला निम्मा चोरलेला होता. घरचे म्हणतात, हे लिहू नका. मी लिहिणार.

आदिलाबाद तेव्हा आंध्रात होतं. मी कॉलेजात कारकून. माझा मित्र जवळच्या जैनथ गावाकडच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला. एका इंटरनेट सेंटरात आम्ही शेजारी बसायचो. करार साधा होता. मोहरे चालवण्याचा भाग दोघांनी मिळून लिहायचा. डावातलं बरंवाईट ठरवणारा भाग, आमच्या भाषेत पारख, ज्याची त्याची. रविवारी दोन्ही प्रोग्राम एकमेकांशी लढवायचो. माझा हरायचा.

"तुहं मशीन लई शिकेल हाय," तो म्हणायचा, "खेळता तेवढं येत नाही."

हैदराबादला प्रोग्रामांची स्पर्धा निघाली; दोघांनीही नाव घातलं. तो चहाला गेला असताना मी त्याच्या फ्लॉपीवरून पारख उतरवून घेतली, वरवरची नावं बदलली आणि माझी म्हणून पाठवली.

निवडीसाठी दोन्ही प्रोग्रामांना एकच स्थिती दिली होती. घोड्याच्या पट्टीतलं प्यादं पुढे सरकवलं की जिंकलात. दोघांनीही ते सोडून वजिराच्या पट्टीतलं प्यादं ढकललं. पुस्तकी नियमात शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं कुठेही वजीर होऊ शकतं; आमच्याकडच्या खेड्यांत ते त्या घराचा मोहरा होतं. घोड्याच्या घरात नुसता घोडा. मित्र वडिलांकडून तसंच शिकला होता आणि तोच हिशेब त्याच्या पारखीत राहून गेला होता.

आयोजकांचा सेंटरवर फोन आला. "आदिलाबाद से दो आए, दोनों ने घोड़े का प्यादा छोड़ दिया. दोनों एक ही माल. दोनों बाहर."

मित्रानं रिसीव्हर ठेवला.

"काऊन बे? तो हिशेब माह्या बापानं मले शिकवला. तुह्या मशीनले कोनं शिकवला?"



दोघांनी माफीनामा द्या, पुढच्या वर्षी घेऊ, असं आयोजकांनी मागाहून कळवलं. कॉलेजातले वडीलधारे म्हणाले, सही कर, मिटेल. मी सकाळची बस धरून हैदराबादला गेलो.

"माफी मी एकटा मागेन," मी आयोजकांना म्हणालो. "त्यानं कशाची मागायची?"

"चोरी तुमचीच कशावरून?"

"मी शाळेत शिकलो, पुस्तकातल्या नियमांनी. माझ्या घरी पट नव्हता. माझ्या प्रोग्रामात घोड्याचं प्यादं स्वस्त का, ते मला विचारा. मला सांगता येत नाही. त्याला विचारा, तो वडिलांपासून सुरुवात करेल."

त्यांनी सेंटरवर फोन लावून मित्राला विचारलं. त्यानं वडिलांपासून सगळं सांगितलं.

"तुम्हाला स्पर्धा कायमची बंद करावी लागेल," ते मला म्हणाले.

"करा. पण तसं लिहून द्या, आणि त्यात त्याचं नाव येऊ देऊ नका."

त्याचा प्रोग्राम त्याच वर्षी स्पर्धेत खेळला. मधल्या कुठल्याशा क्रमांकावर आला. मी परतल्यावर तो सेंटरात दुसऱ्या टोकाच्या खुर्चीवर बसू लागला. मी एवढं केल्यावर त्यानं माझ्याशी बोलायला हवं होतं, असं काहीजण आजही म्हणतात. का म्हणून? त्याचं होतं ते त्याला मिळालं, त्यात माझे उपकार कसले? आमची दिलजमाई करायला कोणी मध्ये पडू नये.