न थांबणारी मुराळी

मला सायकल चालवता येत होती, सायकलवरून उतरता येत नव्हतं. आणि ही गोष्ट मी घरात कुणालाच सांगितली नव्हती. पुढं आयुष्यात गाढवपणा पुष्कळ केला, पण त्याच्या तोडीचा एकही नाही. तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि जगात मला न येणारं काही असेल, हे मला मान्यच नव्हतं.

माझे वडील मास्तर. त्यांची सायकल होती, हिरव्या रंगाची, माझ्यापेक्षा उंच. शाळेच्या मैदानात त्यांनीच मला शिकवली. परकर खोचायचा, दांडीखालून एक पाय पलीकडं घालायचा आणि वाकडंतिकडं होऊन पायडल मारायचं. याला आम्ही कैची म्हणायचो. फेरी संपली की वडील पळत येऊन सीट धरायचे आणि मी खाली उडी टाकायचे. रोज धरायचे. त्यामुळं सायकल थांबवणं हे वडिलांचं काम, आपलं नव्हे, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

त्या वर्षी दसरा झाला आणि वडिलांना हिवतापानं धरलं. त्यातच अक्काचा निरोप आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. येडशीचा घाट उतरलं की निजामाची हद्द संपायची आणि इंग्रजी मुलूख लागायचा. त्या मुलखात तिला दिलेली. तिला सातवा महिना संपत आला होता. आठवा लागला की पोटुशी बाई गावाची शीव ओलांडत नाही, असा आमच्याकडचा रिवाज. म्हणजे चार दिवसांत तिला आणलं तर पहिलं बाळंतपण आईजवळ, नाही तर सासरीच. आणि खळ्याचे दिवस असल्यानं सासूला काही तिला सोडायचं नव्हतं. सरळ नाही म्हणता येईना, म्हणून तिनं अट घातली : "पाठच्या भावंडानं मुराळी म्हणून यावं, तरच पाठवीन."

लेकीला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. बहुतेक भाऊच असतो. अक्काच्या पाठीवर भाऊ नव्हता, मी होते. तेरा वर्षांची पोर घाट उतरून कुठं येतीय, असा विहीणबाईंचा हिशेब.

"मी जाणार," मी म्हणाले. "सायकलवर."

"आगगाडी हाय की गं येडशीहून," आई म्हणाली.

आगगाडी होती, खरंच होती. छोटी, धूर सोडत, डुलत जाणारी. कुणीही शहाणी पोर त्यात बसली असती. पण अक्काच्या सासरच्यांनी सायकलवर बसलेली पोरगी पाहिली पाहिजे, हा माझा हट्ट. वडील तापात होते, त्यांनी फक्त हात हलवला. तो 'जा' होता का 'जाऊ नको', हे मी विचारलं नाही. सोबतीला आजोबा निघाले, त्यांच्या तट्टावरून. त्यांचा आगगाडीवर मुळीच भरवसा नव्हता. "तट्टाला कान तरी असतात," म्हणायचे. "हाक मारली तर ऐकतंय."

आईनं बांधावरच्या झाडाची सीताफळं फडक्यात बांधून माझ्या पाठीला बांधली. अक्काला त्यांचेच डोहाळे लागले होते. "आढीत घालायची घे, अजून कडक हायेत ती," आई म्हणाली होती. मी हावरटासारखी पिकलेलीच उचलली होती, दोन तर देठाशी फुटलेली.

येडशीपर्यंत माझं बरं चाललं. त्या रस्त्याचे मैल मी मोजत नव्हते, चढ मोजत होते. चढ आला की सायकल दमायची, आपोआप थांबायची आणि मी रस्त्याकडेच्या गवतात अलगद लवंडायचे. आजोबा मागून येऊन विचारायचे, "काय गं, पडलीस?"

"विसावा घेतीय."

तीन चढ आणि तीन विसावे झाले. "लईच दमतीया पोर," असं म्हणत आजोबा तट्टाला थोपटायचे.

रामलिंगाच्या देवळाची वाट मागं पडली, तिथली माकडं मागं पडली, आणि घाट लागला. हा घाट मी पूर्वी पाहिला होता, पण बैलगाडीतून, आईच्या मांडीवर गूळशेंगा खात. बैल बिचारे पाय रोवून रोवून उतरायचे, त्यामुळं घाट म्हणजे फार सावकाश गोष्ट असते असं मला वाटायचं. घाटात चढ नसतो, हे मला पहिल्या वळणावर कळलं. ब्रेक दाबला. तो कावळ्यासारखा ओरडला, बाकी काही केलं नाही. तेव्हा महायुद्ध चालू होतं, ब्रेकला रबर मिळत नव्हतं, वडील चप्पल घासून गाडी थांबवायचे. माझा पाय कुठं पोचणार?

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. भ्यायला अक्कल लागते. मी हसायला लागले. दोन्ही बाजूंनी साग मागं पळत होता, खाली ऊन पडलेलं सपाट रान पसरलं होतं, वारा परकरात शिरून त्याचा फुगा झाला होता, आणि माझं हसू काही थांबेना. एका वळणावर एक धनगर काठीला टेकून उभा होता. मला बघून त्यानं हातातली काठी टाकली आणि आधी स्वतःचं मुंडासं धरलं. पाठीवरची सीताफळं दर खड्ड्याला मला धपाटे घालत होती, आणि थोड्या वेळानं त्या धपाट्यांचा आवाज बदलला. फच्च.

घाटाखाली करोडगिरीचा नाका होता. येणाऱ्याजाणाऱ्याच्या मालाची झडती घेऊन जकात घ्यायचे तिथं. एका गाडीसाठी आडवा बांबू नुकताच वर केला होता. मी त्याच्याखालून गेले.

"ऐ छोकरी! ठैर! ठैर जा!" शिपाई मागं धावला.

"थांबता येत न्हाय!" मी ओरडले.

"क्या नै आता?"

उत्तर द्यायला मी तिथं होते कुठं? मी इंग्रजांच्या राज्यात पोचले होते. आणि इंग्रजांच्या राज्यात चढच नव्हता! सगळं सपाट. एवढ्या मोठ्या सरकारला एक साधा चढ ठेवता येऊ नये? पायडल थांबवलं तर दगडावर पडणार, म्हणून मारत राहिले. लवंडायला मऊ जागा शोधत शोधत अक्काचं गाव आलं, अक्काची गल्ली आली, घरापुढच्या खळ्याचं फाटक सताड उघडं दिसलं. आत उडदाच्या भुसाचा ढीग होता, छान पुरुषभर उंच. आणि त्याच्या अगदी पुढ्यात, हातात सूप घेऊन, सात महिन्यांचं पोट सांभाळत अक्का उभी.

तेव्हा मात्र माझं हसू थांबलं.

"अक्का, सरक!"

अक्का दगडासारखी उभी. मी डोळे मिटून हॅंडल सगळ्या ताकदीनं वळवलं, अक्काच्या लुगड्याला वारा लावून गेले आणि डोकं पुढं करून भुसात शिरले. सायकल बाहेर, मी आत. गड्यांनी ओढून बसतं केलं तेव्हा माझ्या वेणीतून, कानामागून, पाठीवरून पांढरं, मऊ, ओलं काहीतरी ओघळत होतं.

ओसरीवरून अक्काच्या सासूनं किंकाळी फोडली. "अगं बया! माझ्या दारात पोर मेली! मेंदू बाहिर आला हिचा!"

अक्का जवळ आली. माझ्या वेणीवरून तिनं एक बोट फिरवलं, नाकाशी नेलं, मग तोंडात घातलं. सासू मटकन खालीच बसली.

"आपल्या बांधावरचीच," अक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती एक एक बी थुंकत होती.

मी भुसात बसूनच सांगितलं, "मावशी, म्या मुराळी हाय."

मग सासूच्या पोटातून एक आवाज निघाला, आणि ती हसायला लागली. तीन वर्षांत ती हसलेली अक्कानं पाहिली नव्हती. पदर तोंडात कोंबून, खांबाला धरून हसली. तिचं हसू ओसरत आलं, तोवर आजोबा तट्टू पिटाळत पोचले. शिपायानं त्यांची झडती घेतली होती. नारळ आणि खण सोडून काही निघालं नाही.

"नात का थांबली नाही, म्हणून इचारलं त्यानं," आजोबा सांगायला लागले. "म्या म्हणलं, साहेब, थांबता आलं असतं तर तीन चढावर इसावा कशाला घेतला असता? मला तवाच ध्यानात आलं, ही इसावत नव्हती, पडत होती."

म्हातारी पुन्हा हसत सुटली. हसू आवरल्यावर तिनं अक्काकडं पाहिलं. अक्का खाली मान घालून उभी होती, बोटं अजून सीताफळानं चिकट. म्हातारीनं उठून तिच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि ती आत गेली. मला वाटलं, माझं शहाणपण अक्काला भोवलं. भुसात बसून मी पहिल्यांदा रडले.

ती बाहेर आली ती अक्काचं गाठोडं घेऊन. ते माझ्या मांडीत ठेवलं, माझ्या केसांतली एक बी काढून अंगणात टाकली आणि म्हणाली,

"मुराळी लई बघितले म्या, पण बोलल्याबरुबर उडत आलेला तूच पहिला. जा, ने हिला, सांजच्या गाडीनं. बाळ घिऊन परत आणायला बी तूच यायचं, दुसरं कुनी चालायचं न्हाय; पण यायच्या आदी उतराया शीक, बाई, भूस संपत आलंय माझं."