जुन्या घोड्यावरचं नवं डोकं

हार्लेम शहरात माख्टेल्ड नावाची विधवा चित्रं छापायची. तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवून त्यात सुईनं रेघा ओढायच्या आणि पत्रा तेजाबात सोडायचा. तेजाब त्या रेघांपुरतं तांबं खाऊन खाचा पाडी. मग त्यांत शाई भरून वर कागद दाबायचा. तेजाबानं तिची बोटं पिवळी पडली होती. जीभ मुळातच तिखट होती. शहरातल्या बड्या धेंडांबद्दल तिला काडीचाही आदर नव्हता. त्यांचे चेहरे इतक्या जवळून दुसऱ्या कुणी पाहिलेच नव्हते.

लोण्याचा व्यापारी लांबर्ट क्वास्ट नगरमंडळात निवडून आला आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या दारात उभा.

“घोड्यावर बसलेलं चित्र हवं, बाई. आठवड्याच्या आत. घरोघर वाटायचंय.”

“कधी बसला होतात घोड्यावर?”

“त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय?”

“काही नाही. घोड्याची काळजी वाटली.”

आठवड्यात घोडा काढायला माख्टेल्ड काही वेडी नव्हती. तिच्याकडे बारेंट पोसचा पत्रा पडून होता. क्वास्टच्या आधी त्या खुर्चीवर हाच पोस बसायचा, आणि त्यालाही घोडाच हवा होता. तिनं पोसचं तोंड खरवडून काढलं, तिथं पडलेला खळगा मागून हातोडीनं ठोकून वर आणला आणि क्वास्टचं थुलथुलीत तोंड बसवलं. अंग, गळपट्टी, तलवार, घोडा सगळं पोसचंच.

क्वास्ट खूश! “बाई, खांदे अगदी हुबेहूब हो!”

“खांद्यांवर फार मेहनत घेतली,” ती म्हणाली.

चित्रं घरोघर टांगली गेली. शहरानं पाच वर्षं पोसला वाकून नमस्कार केले होते, पण एकालाही ओळख पटली नाही. माख्टेल्डला क्वास्टपेक्षा या नमस्कार करणाऱ्यांचीच जास्त किळस आली.

मग एका दुपारी पोसची बायको अल्येत दुकानात आली. आता कडाक्याचं भांडण होणार, म्हणून माख्टेल्ड बाह्या सावरून उभी राहिली. अल्येतनं चित्र उजेडात धरलं.

“ही गळपट्टीची जाळी माझ्या हातची आहे. अख्खा हिवाळा विणत होते.”

“परत नवऱ्याचं तोंड बसवून देऊ?”

“नको गं बाई! ते घरी रोज बघतेच आहे. हे वरचं तेवढं कापून दे.”

माख्टेल्डनं कात्री घेतली. अल्येत जाळीचं चित्र गुंडाळून घेऊन गेली आणि क्वास्टचं डोकं शेगडीत गेलं.