एका ठोक्याला खाली बसायचं

एमिल हॅवरानेक अजून जिवंत आहे, माझ्या शेजारीच राहतो, आणि हे सगळं मी त्याच्या तोंडावर सांगायला तयार आहे. आमच्या गावच्या शाळेत तो शेतकी शिकवायचा. मी त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात चिलीचं, म्हणजे खिमा-राजम्याचं, कालवण आणि दालचिनीचे रोल करत जन्म काढला. तेव्हा त्याला माझ्याइतकं दुसरं कुणी ओळखत नाही. त्याची बायको ओळखायची, पण ती सुटली बिचारी.

आता शेतकी म्हणजे नुसता मका आणि गुरं असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. पोरांनी पुढारी व्हायचं, असा एमिलचा ध्यास. त्यासाठी वर्गाची सभा भरायची: सगळ्यांच्या अंगात निळं कॉर्डरॉयचं जाकीट, त्याची चेन गळ्यापर्यंत ओढलेली, आणि अध्यक्षाच्या हातात लाकडी हातोडी. तीन ठोके पडले की सगळ्यांनी उभं राहायचं, एक पडला की खाली बसायचं. ठराव कसा मांडायचा, अनुमोदन कसं द्यायचं, कुणी नियम मोडला तर हरकतीचा मुद्दा कसा काढायचा, हे तो पोरांकडून असं घोटून घ्यायचा की मला भांडी घासताना भिंतीपलीकडून ऐकून पाठ झालं. आंतरशालेय स्पर्धेत आमची पोरं सभा चालवायला उभी राहिली की इतर गावांचे मास्तर कपाळाला हात लावायचे.

पण हे शिक्षण फक्त हुशार पोरांना. बाकीच्यांना तो डुकरांमागे लावायचा. लाइल बेनेश नावाचा एक जाडा, संथ मुलगा होता. त्याला एमिल सगळ्यांदेखत म्हणायचा, "लाइल, सभेत बसून खुर्ची कशाला झिजवतोस? जा, शेण काढ." सगळी खिदळायची. लाइलही हसायचा, काय करेल?

ट्रूडी कोलार नववीत आली तेव्हा तिच्याकडे ना जमीन ना गोठा. बाप धान्याच्या कोठारावर हमाली करायचा. अशा पोरांची जनावरं शाळेमागच्या गोठ्यात राहायची. तिथं तिची एक तांबडी कालवड होती. पोरीचा तिच्यावर इतका जीव की माझ्याकडून सफरचंदाच्या साली मागून न्यायची. गोठ्याला कुलूप, आणि किल्ली एकच, ती एमिलच्या पट्ट्याला लटकलेली. शनिवार-रविवार गोठा बंद, दोन दिवसांचं चारापाणी शुक्रवारीच भरून ठेवायचं. पोरांनी आठवडाभराचं काम वेळेत उरकायला शिकावं म्हणून म्हणे!

एका रविवारी ट्रूडी धावत एमिलच्या दारात आली. मी माझ्या ओट्यावर होते, सगळं ऐकलं.

"सर, माझी कालवड फुगलीय. फटीतून दिसतंय. पाय झाडतेय. किल्ली द्या ना!"

एमिल जेवणावरून उठून आलेला, गळ्यात रुमाल तसाच. "ट्रूडी, शुक्रवारी ओलं गवत टाकलंस का तिला?"

"थोडंसंच टाकलं, सर."

"मग आता तुला कळेल. गोठा सोमवारी उघडतो. नियम सगळ्यांना एकच."

आणि दार लावलं मेल्यानं! मी ओट्यावरून ओरडले, "एमिल, अरे दे की किल्ली, जनावर आहे ते!" तर आतून म्हणतो, "ओपल, तू तुझ्या भाकऱ्या भाज."

सोमवारी कालवड ताठ झालेली होती. त्याच दिवशी पोरांची सभा. ट्रूडी उभी राहिली आणि म्हणाली, सुट्टीच्या दिवशी गोठा उघडा ठेवावा, असा ठराव मांडते. इथपर्यंत बरोबर होतं. मग कालवडीचं सांगताना तिचा आवाज फुटला, रडू कोसळलं. एमिल मागच्या खुर्चीवरून अध्यक्ष पोराला म्हणाला, "चर्चा बंद कर." लगेच एकानं तसा ठराव मांडला, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं, हात वर झाले. एमिल ट्रूडीला म्हणाला, "रडणं हा मुद्दा नाही, बाळ. मुद्दा असेल तर लिहून आण." हातोडीचा एक ठोका पडला. पोर खाली बसली. मी खिडकीतून बघत होते, हातातला झारा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

त्यानंतर ट्रूडी कधी रडली नाही. तिनं नियम असे गिळले की अकरावीत अध्यक्ष झाली आणि राज्याच्या स्पर्धेची ढाल घेऊन आली. वर्गाच्या भिंतीवर ढालीशेजारी तिचा फोटो होता, हातोडी उगारलेला. येईल त्याला एमिल तो दाखवायचा. "ही माझी पोर. मी घडवली." कालवडीचं तो साफ विसरून गेला होता. खोटं नाही सांगत, मी एकदा आठवण करून दिली तर विचारतो, "कुठली कालवड?"

वर्षं गेली. एमिलची नजर अधू झाली, तरी वर्ग सोडेना. आमच्या गावात पोरंच उरली नाहीत, तेव्हा शेजारच्या गावची शाळा आमच्यात मिसळायचं ठरलं. शाळेचा कारभार बघणाऱ्या मंडळात निघालं की शेतकीचा वर्ग बंद करावा आणि गोठा पाडून तिथं बसगाड्या उभ्या कराव्यात. मंडळावर माणसं पाच, अध्यक्ष ट्रूडी.

एमिलला घाम फुटला असेल असं तुम्हाला वाटेल. छे! स्वारी खुशीत. "ओपल, अगं अध्यक्ष माझी पोर आहे. वर्ग गेला तर मी तरी कशाला उरतो? तिला कळतं ते." बायकोच्या मागे त्याला दुसरं होतं तरी काय? आरशासमोर भाषण घोकलं. जुनं निळं जाकीट मी इस्त्री करून दिलं. चेन पोटावर अडकली, ती ओढून गळ्यापर्यंत नेली. माझा राग विरघळला तेवढ्यापुरता.

सभेला सगळं गाव. ट्रूडी करड्या कोटात, केस आवळून बांधलेले. तिनं एमिलला बोलायला सांगितलं. तो उभा राहिला. गोठ्यात आत्ता तीन पोरांची वासरं आहेत म्हणाला, त्या पोरांना दुसरी जागा नाही म्हणाला. आणि मग, देवा रे, त्याचा आवाज फुटला. चष्मा काढून डोळे पुसायला लागला. "हा वर्ग म्हणजे माझं... मी सगळं आयुष्य..."

ट्रूडीनं नुसतं मंडळावरच्या, बँकेतल्या ग्लेनकडे पाहिलं. ग्लेन म्हणाला, "चर्चा बंद करावी, असा ठराव मांडतो." अनुमोदन मिळालं. हात वर झाले तीन, तिसरा ट्रूडीचा.

"मंजूर," ती म्हणाली.

एमिलची मान ताडकन वर आली. रडणं गेलं, मास्तर जागा झाला. "हरकतीचा मुद्दा! चर्चा बंद करायला दोन-तृतीयांश लागतात. पाचात चार हात हवेत!"

ट्रूडी शांतपणे म्हणाली, "हरकतीचा मुद्दा फक्त सभासदाला काढता येतो, सर. तुम्हीच शिकवलंत."

मागे कुणीतरी हसलं. एमिलनं ज्या दोघांनी हात वर केला नव्हता त्यांच्याकडे पाहिलं. एक दुसऱ्या गावचा, तो फोनमध्ये. दुसरा लाइल बेनेश. तोच तो. एमिल त्याच्याकडे डोळ्यांनी अशी भीक मागत होता की मला बघवेना. लाइल सभासद, तो नुसतं 'हरकतीचा मुद्दा' म्हणाला असता, तर सभा तिथंच अडली असती. लाइल लालबुंद झाला, तोंड उघडलं, मिटलं. बिचाऱ्याला काय बोलायचं तेच माहीत नव्हतं. तो शेण काढत होता ना तेव्हा!

"मुद्दा असेल तर लिहून आणा," ट्रूडी म्हणाली, आणि एक ठोका मारला.

एमिल खाली बसला. त्याला बसायचं नव्हतं, मी शपथेवर सांगते. पण ठोका पडला आणि गुडघे आपोआप वाकले.

मग वर्ग बंद झाला, गोठा गेला, सगळं तीन विरुद्ध दोन. शेवटी ट्रूडी म्हणाली, "सर, किल्ली टेबलावर ठेवा." पट्ट्याची कडी त्याला दिसेना, शेवटी मलाच ती काढून द्यावी लागली.

बाहेर गाड्यांपाशी मी ट्रूडीला गाठलं. "चार हात लागतात हे तुला ठाऊक नव्हतं होय गं?"

"ठाऊक होतं, ओपल."

"त्याचा सूड घे बाई, मी तुला नावं ठेवणार नाही. पण त्या वासरंवाल्या पोरांनी काय केलंय? तुझ्यासारखीच आहेत ती."

ती हातमोजे घालत होती. "मग त्यांना आत्ताच कळलेलं बरं," म्हणाली आणि गाडीत बसली.

एमिलला मी माझ्या गाडीतून घरी आणत होते. मला वाटलं, आता तरी आठवेल ती कालवड, आता तरी काही बोलेल. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत तशीच, हात मांडीवर. मग खाकरला.

"ओपल, ठोका ऐकलास? एकच, स्वच्छ. मनगट अजिबात हललं नाही. अख्ख्या राज्यात असा ठोका कुणाचा नाही." आणि गालावरून पाणी वाहत असताना म्हणतो, "मी घडवली तिला."

"हो रे बाबा," मी म्हटलं, "तूच घडवलीस. उतर आता, घर आलं."