उसन्या कोटातले वडील

नगराध्यक्ष आणि आमच्या शोधमावशी यांचं काहीतरी शिजतंय, अशी कुजबुज एकदा गल्लीभर झाली. दर रविवारी दुपारी दोघं धुलाईच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढतात म्हणे, आणि उतरताना साहेबांचे डोळे लाल असतात! मावशी बाहत्तरची, साहेब पन्नाशीचे. पण रंगलेल्या गप्पांत वय कोण विचारतं?

शोधमावशी ही फोटो स्टुडिओतली जुनी कारागीर. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून गिऱ्हाइकांचे मुरमांचे डाग आणि सुरकुत्या घालवायची. स्टुडिओ बंद पडला, तशी ती जुन्या फोटोंवरून लोकांची घराणी हुडकू लागली. तिचा नवरा म्हणायचा, "स्वतःच्या नणंदेचा वाढदिवस लक्षात राहत नाही, आणि निघाली दुसऱ्यांचे पणजोबा शोधायला!"

साहेब अनाथालयात वाढलेले. आईवडिलांचा एकच फोटो जवळ. वडील रुबाबदार कोटात, छातीवर घड्याळाची साखळी.

"मावशी, घराणं मोठं नसलं तरी चालेल," ते म्हणाले. "माझं एखादं माणूस जिवंत असलं तर बघा. दिवसभर लोक पुढेपुढे करतात, पण हक्कानं रागावणारं कुणी नाही."

मावशीनं कोट पाहिला आणि श्रीमंतांचे उंबरठे झिजवायला घेतले. वकील, डॉक्टर, गिरणीमालक, सगळ्यांनी चहा पाजून हात वर केले. एका वकिलीणबाईंनी तर "आमच्यात पोरं टाकत नाहीत" म्हणत दारच लावलं.

मावशी हिरमुसून बसली होती. नवऱ्यानं चष्मा पुसत फोटो उचलला. "अगं, ह्याची नखं बोटांपेक्षा गोरी कशी?"

मावशीनं कपाळावर हात मारला. गिरणीच्या रंगखात्यातल्या माणसांची नखं निळी पडत. फोटोत ती दिसू नयेत म्हणून सगळे हट्ट धरत, आणि पेन्सिलीनं ती उजळायची मावशीच! मग कोटही आठवला. तो स्टुडिओचा. पाठीत उभा चिरलेला, नाड्या आवळून कुणाच्याही अंगावर बसवायचा. साखळीच्या टोकाला घड्याळ नव्हतंच. वर्षानुवर्षं खुंटीवर पाहिलेला कोट तिला माणसाच्या अंगावर ओळखू आला नव्हता.

"माझ्याच हातानं मला बनवलं की हो!"

"मी तीस वर्षं तेच सांगतोय, तुझा हात चांगला आहे," नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती गिरणीच्या चाळीत गेली. एका म्हाताऱ्या रंगाऱ्यानं फोटो डोळ्यांशी नेला. "हा तर आमच्या खात्यातला! बायको बाळंतपणात गेली, वर्षभरात हाही. थोरली पोरगी मामीनं नेली. तान्ह्याला कोण सांभाळणार?"

त्याच्याकडून थोरलीचा पत्ता घेऊन, आधी तिला भेटून मावशी तडक साहेबांच्या कचेरीत. "वडील कोटवाले नाहीत, साहेब. गिरणीतले रंगवाले. ही नखं बघा, निळी होती, मीच उजळलीत."

साहेबांनी फोटोतली नखं न्याहाळली. मग हळूच विचारलं, "आणि माणूस?"

"आहे. पण जिभेची तिखट आहे हं, आधीच सांगते."

साहेबांनी तिथल्या तिथे बैठक रद्द केली.

गल्लीत काय वाटेल ते बोललं गेलं. खरं इतकंच की धुलाईच्या दुकानाशेजारी, तिसऱ्या मजल्यावर नगराध्यक्षांची थोरली बहीण राहते. तिला ऐकू कमी येतं, आणि मावशीचा आवाज मोठा आहे, म्हणून मावशी सोबत जाते.