चार नंबरचं मशीन आणि कान नसलेले लोक

माझ्या लॅपटॉपमध्ये एक ग्रह आहे. तिथल्या लोकांना कान नाहीत, ते पोटाने ऐकतात. त्यांच्या संगीताला घुरण म्हणतात. कुणी ग्रह सोडून निघालं की घुरण वाजवायचं, आणि त्यात दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच सारखं ठेवायचं नाही. हे सगळं मी इंग्रजीत, टोपणनावाने लिहिते. घरात कुणाला माहीत नव्हतं.

बाबा हिंगणघाटला एका कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर आहेत. मी त्यांचा डबा द्यायला गेले होते, तेव्हा त्यांच्यादेखत चार नंबरच्या मशीनजवळ फोन धरून आवाज घेतला. घरी येऊन तो निम्म्या गतीवर आणला, मधले काही ठोके कापले. घुरण तयार झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चुकून हॉलमधल्या स्पीकरवर वाजलं. मी धावत बाहेर आले, तर बाबांचा चहा अर्धा तसाच.

"तुहा थो आवाज ऐकला, आन् चार नंबरचं बेअरिंग गेलं म्हने," आई म्हणाली. "चप्पल घालता घालता फोन करून राह्यले होते मिस्त्रीले."

मशीन उघडलं की दिवस जातो, आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती. बाबा फोन उचलेनात, मी स्कूटी काढली. पोचले तेव्हा मिस्त्रीकाकांनी दोन नट काढलेही होते.

"तू काऊन आली?" बाबांनी विचारलं.

"मशीन चांगलं आहे. ते गाणं होतं."

"कोनाचं?"

दहा-बारा माणसं बघत होती. मी जमिनीवरच्या सरकीकडे पाहत सांगितलं, "एका ग्रहावरच्या लोकांचं. कुणी ग्रह सोडून निघालं की वाजवतात. मी बनवलं. त्यांना कान नसतात."

"मंग आमच्यातलेच हायेत," मिस्त्रीकाका म्हणाले. तीस वर्षं जिनिंगमध्ये काढल्यावर त्यांना फारसं ऐकू येत नाही.

बाबा हसले नाहीत. त्यांनी सगळी मशीनं बंद करायला लावली. एवढी शांतता तिथे मी पहिल्यांदाच ऐकली. त्यात माझं घुरण अख्खं वाजलं, चार मिनिटं, आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती. मग मूळ रेकॉर्डिंग लावलं. बाबांनी फोन कानाशी धरला.

"बेअरिंग ठीक हाय," ते म्हणाले. "कस नट."

मशीनं सुरू झाली. बाबा मला फाटकापर्यंत सोडायला आले.

"कोन गेलं होतं थो ग्रह सोडून?" त्यांनी विचारलं.

"एक मुलगी."

"वापस येते का?"

मी अजून तेवढं लिहिलं नव्हतं. तरी मी हो म्हणाले.