उतारावरची झाडे मोजणारे साळवे सर

प्रा. दानिएल साळवे सरांशी माझी पहिली ओळख झाली ती त्यांची बोलणी खाऊनच. संगमनेरच्या महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. सरांनी आम्हाला अकोले तालुक्यातल्या डोंगरात हिरड्याची झाडे मोजायला नेले होते. आपल्या छातीच्या उंचीवर खोडाला टेप गुंडाळायचा आणि घेर वहीत लिहायचा, एवढेच काम. मी आपली उताराच्या खालच्या बाजूला, पाय नीट टेकेल अशा जागी उभी राहून मोजत सुटले. सरांनी आकडे पाहिले आणि वही मिटली. "अहो बाई, झाडं फुगवलीत तुम्ही! उतारावर नेहमी वरच्या अंगाला उभं राहून मोजायचं. खालून मोजलं की टेप बुंध्याशी जातो, घेर जास्त भरतो आणि आपल्याला वाटतं, जंगलाचं उत्तम चाललंय." सगळी झाडे मला पुन्हा मोजावी लागली. गुडघे फुटले ते वेगळेच.

या सहलीला येता आले, तेही सरांमुळेच. मुक्कामाची सहल म्हटल्यावर वडिलांनी साफ नकार दिला होता. सर संगमनेरहून एस.टी.ने आमच्या सावेडीच्या घरी आले, वडिलांसमोर तासभर बसले आणि शेवटी म्हणाले, "माझी बायको बरोबर येईल." मार्थाकाकू खरोखरच आल्या. गुडघे दुखत असतानाही प्रत्येक सहलीला आल्या. माझ्यासारख्या किती मुलींनी डोंगर पाहिला तो या माउलीमुळे, हे मला इथे सांगितलेच पाहिजे.

एकच हिरडा घळीत सरळसोट वाढतो, कातळावरच्या वीतभर मातीत खुरटतो, धारेवर वाऱ्याने एका अंगाला झुकतो. झाडाला नावे ठेवण्याआधी त्याच्या पायाखाली बघा, असे सर सांगत. त्यांच्या जाड वह्यांत प्रत्येक झाडाचा घेर, उंची, उताराची दिशा आणि मातीची खोली आहे. इतका नेटका माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आणि तरीही त्यांच्या हातून चूक झाली.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकाच्या गौरव समितीतल्या काहींचे म्हणणे होते की मंगल प्रसंगी हा विषय नको. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "तेच लिहा. बाकीचं नाही लिहिलंत तरी चालेल."

ती चूक घडली तेव्हा मी नुकतीच शिक्षिका झाले होते. पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीच्या बाजूला पाणी अडवून, मुरवून माळ हिरवे झालेले सरांनी डोळ्यांनी पाहिले होते. आपल्या आवडत्या डोंगरावरही तसेच करावे, असे त्यांना वाटले. हिरड्याच्या उतारावर आडवे चर खणायचे ठरले. आखणी सरांची, श्रमदान आमचे. त्या उतारावरचे हिरडे तिथल्याच बुधाबाई नावाच्या आजींच्या घरचे. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, वेचून विकायचा, त्यावरच त्यांचे घर चाले. आमच्या कुदळी बघत त्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "सर, हितं पानी आडवू नका. त्याला जाऊ द्या. झाडं बगा बुडाला कशी वाकल्यात. माती सरकती हाय हितली." सर हसून म्हणाले, "पाणी मुरलं की माती धरेल, आजी." आम्हीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पारनेरच्या माळावर पाऊस मोजून मापून पडतो. अकोल्याच्या डोंगरावर तो दिवसचे दिवस कोसळतो. दुसऱ्या पावसाळ्यात चर तुडुंब भरले, पाणी मातीत उतरले, खालच्या कातळावरून माती सुटली आणि अख्खा उतार ओढ्यात गेला. माणसे वाचली. हिरडा एकही उरला नाही. बुधाबाईंचा मुलगा आणि सून मजुरीला संगमनेरला गेले. सर भेटायला गेले तेव्हा बुधाबाई एवढेच बोलल्या, "झाडं वाकल्याली तुमी बी बगितली व्हती. कशापायी वाकली, त्ये इचारलं न्हाई." पुढच्या पावसाळ्याआधी त्या वारल्या.

सरांनी घरी येऊन सगळ्या वह्या काढल्या. घेर होता, उंची होती. बुंध्याचा बाक कुठेच लिहिलेला नव्हता. सरकत्या मातीत झाड आधी कलते, मग शेंडा पुन्हा वर वळवते आणि बुडाशी कोयत्यासारखा बाक राहतो. सरांना हे ठाऊक होते. शिकवलेही होते. त्या दिवसापासून त्यांच्या वहीत 'बाक' हा नवा रकाना आहे आणि दर वर्षी ते विद्यार्थ्यांना त्या उघड्या कातळावर उभे करून सांगतात, "ही माझी चूक."

परवा शेजारच्याच उतारावर चर खणण्याची योजना आली. ग्रामसभेत पंचाहत्तरीचे सर काठी टेकत उभे राहिले आणि नको म्हणाले. कोणी ऐकेना. एकाने तर विचारले, "तुमास्नी काय म्हाईत आमच्या डोंगराचं?" तेव्हा मागून, आता गावी परत आलेली बुधाबाईंची सून उठली. म्हणाली, "त्यास्नी म्हाईत हाय. आमची झाडं त्यांनीच घालवली." सर मान खाली घालून उभे राहिले, बसले नाहीत. योजना मागे पडली, उतार तेवढा वाचला.

त्या उघड्या कातळाच्या एका भेगेत आता हिरड्याचे एक रोप आले आहे. करंगळीएवढे, आतापासूनच बुडाला वाकलेले. सर दर हिवाळ्यात त्याच्याजवळ जाऊन बसतात, पण वहीत त्याची नोंद नाही. छातीच्या उंचीपर्यंत आल्याशिवाय झाड मोजायचे नाही, हा त्यांचाच नियम. कातळावरचा हिरडा फार सावकाश वाढतो. सरांना उत्तम आरोग्य लाभो, गुडघे शाबूत राहोत आणि ते रोप त्यांच्या छातीला लागेल त्या दिवशी वरच्या अंगाला उभे राहून टेप त्यांनीच धरावा. वही मी धरीन.